भिंतीवरचा धोंडी

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, तरी बेलकुंडीतली म्हातारी माणसं जिल्हा म्हटलं की अजून उस्मानाबादकडंच हात करायची. नव्या जिल्ह्यानं गावाला काय दिलं, तर ग्रामपंचायतीच्या दारावर एक नवी पाटी. जुन्या नावावर रंग फासून 'जि. लातूर' असं लिहिलेलं, आणि त्या रंगाचे पोपडे निघून खालचं जुनं नाव पुन्हा दात काढायला लागलेलं. पाऊस काही जिल्हा बघून पडत नाही. शहाऐंशी सालचा आषाढ निम्मा सरला तरी निलंग्याच्या त्या सगळ्या पट्ट्यात ढेकूळ भिजेल एवढंही पाणी पडलं नव्हतं. पेरलेलं बी मातीत भाजून गेलं होतं आणि गावच्या आडात सोडलेला पोहरा नुसता खडखडत वर येत होता.

अशात वरून फतवा आला. पंधरा ऑगस्टच्या सुमाराला जिल्ह्याचा वाढदिवस, तेव्हा प्रत्येक शाळेनं एका भिंतीवर विज्ञानाचं चित्र काढावं. विषयही ठरवून दिलेला: परग्रहावरचा पाहुणा. घरच्यांना प्यायला पाणी नाही आणि आभाळातून पाहुणे बोलवा म्हणतात, असं महादेवप्पा गुरुजी बायकोजवळ पुटपुटले. पण वरून कागद आला की गुरुजी तो आधी कपाळाला लावायचे आणि मग वाचायचे, तसला तो माणूस. चित्रकलेत त्यांची मजल एवढीच, की फळ्यावर केळं काढलं तर मुलं ओळखायची आणि आंबा काढला तर वर्गात भांडणं लागायची.

म्हणून ते भर उन्हात बौद्ध वस्तीत आले. मारोती सरवद्याची थोरली लेक पंचशीला नांदेडला चित्रकलेची परीक्षा पास होऊन किनवटकडच्या एका वसतिगृहाच्या शाळेत शिकवत होती. तिथली विहीर आटली म्हणून मुलांना महिनाभर घरी पाठवलं होतं आणि ही आईकडं आली होती. गुरुजी दारात उभे राहिले. ओट्यावर त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली, तिच्याकडं त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"सरवदे बाई, तेवढी भिंत रंगवून द्या. रंग शाळेचा."

"रंगवते. खाली माझं नाव टाकीन."

गुरुजींनी जरा विचार केला. "बारीक टाका," ते म्हणाले.

त्या शाळेत ती सात वर्षं चपलांच्या शेजारी बसून शिकली होती. ती भिंत नेमकी चावडीसमोरची, गावातून येणाऱ्या-जाणाऱ्याला टाळता न येणारी. तिच्यावर आपलं नाव लागणार, मग ते बारीक का असेना, या आनंदात तिला रात्री जेवणही गोड लागलं.

मनात तिनं ठरवलं होतं ते चित्र अगदी साधं होतं. मुलांच्या मासिकात असतो तसा चंदेरी कपड्यातला पाहुणा, डोक्यावर काचेचा गोल, मागं उडती तबकडी आणि हात हलवणारी पोरं. पहिल्या दिवशी तिनं कोळशानं आकृती आखली. दुसऱ्या दिवशी चंदेरी रंगाचा डबा उघडला तर आत वाळून दगड झालेला. हिरवा मात्र दोन डबे होता. मग तिनं हिरवा घेतला आणि तिथून पुढं हात तिचं ऐकेना. पाहुण्याच्या अंगावर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत बारीक बारीक, टोकदार, एकावर एक उतरत आलेले खवले उमटले. तोंड काढायलाच जागा राहिली नाही; नुसत्या दोन फटी, त्यातून दोन डोळे. हात अंगापासून लांब धरलेले. आणि भोवतीची पोरं, हात हलवणारी, ती कधी मोठी माणसं झाली आणि चार पावलं मागं सरून उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं खाली नाव टाकलं, मागं सरून पाहिलं आणि तिला चित्र आवडलं. का आवडलं ते सांगता आलं नसतं.

ते सांगायचं काम गुणाबाईनं केलं. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, नजर अधू आणि जीभ धडधाकट. काठी टेकत ती भिंतीजवळ आली, डोळ्यांवर हात धरला आणि दोन्ही हात जोडले.

"अगं बया! धोंडी हाय की गं ह्यो!"

पंचशीलानं वळून भिंतीकडं पाहिलं. म्हातारीच्या अधू डोळ्यांना जे पहिल्या नजरेत दिसलं, ते तिला तीन दिवस दिसलं नव्हतं. भिंतीवर उभा होता तो धोंडीच होता.

ज्यांना धोंडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस ओढ धरून बसला की गावं एका माणसाला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कडूलिंबाच्या पाल्यानं बांधतात. त्याचं तोंड दिसत नाही. त्याला दारोदार फिरवतात, बायका त्याच्या अंगावर पाणी घालतात आणि देवाकडं पाऊस मागतात. बेलकुंडीची रीत जरा कडक. धोंडीनं बोलायचं नाही, धोंडीशी कुणी बोलायचं नाही, आणि त्या दिवशी धोंडीची वाट कुणीही अडवायची नाही. अडवली तर आलेला पाऊस वेशीवरून परत जातो, असं बेलकुंडीत पाळण्यातली पोरंसुद्धा सांगतील. धोंडीनं उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं हे मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायची कधी गरजच पडली नव्हती. कारण बेलकुंडीत धोंडी व्हायचा तो सरवद्यांच्या घरातलाच. वर्षभर ज्याला ओंजळीत वरून पाणी वाढायचं, त्याच्यावर त्या एका दिवशी घागर रिती करायची. पाल्याच्या आत माणूस आहे हे विसरलं की ते जमतं.

छप्पन साली मारोतीनं दीक्षा घेतली आणि धोंडी होणं सोडलं. पोरगी झाली तिचं नाव पंचशीला ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात गाव पुन्हा त्याच्या दारात आलं. मारोतीनं आठ दिवस नाही म्हटलं. आठ दिवस गावानं वस्तीला आडावर फिरकू दिलं नाही. नवव्या दिवशी तो पाला बांधून निघाला. पंचशीला तेव्हा चौदा वर्षांची होती. बाप संध्याकाळी परत आला, आईनं त्याचं ओलं धोतर सोडून घेतलं, पातेल्यावर धरून पिळलं आणि ते पाणी फडक्यातून गाळून दोन्ही लेकरांना पाजलं. कडू होतं. पंचशीला ते घटाघटा प्यायली आणि त्याची तिला आयुष्यभर लाज वाटली. मारोती त्यानंतर महिनाभर विहारात गेला नाही. पुढं तो वारला, पण ती गोष्ट घरात कुणी कधी काढली नाही. आणि आता तिच्याच हातानं ती चावडीसमोर, सात फूट उंच, हिरव्या रंगात काढून ठेवली होती, खाली नाव टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर बायकांची ही गर्दी. कुणी हळदकुंकू आणलेलं, कुणी भिंतीच्या पायाशी नारळ फोडलेला. महानंदा नावाची एक विधवा होती, दोन एकर कोरडवाहू आणि दूधपितं लेकरू एवढाच तिचा संसार. तिनं पदराखालून तांब्या काढला आणि चित्राच्या डोक्यावर शिंपडला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. रंग स्वस्तातला, हिरवे ओघळ खाली उतरायला लागले.

पंचशीला धावत आली. वस्तीला टँकरमधून माणशी अर्धी घागर मिळत होती, तीही गावाचं भागल्यावर, आणि इथं भिंतीला पाणी पाजणं चाललं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय करून राहिलात तुमी? चितर हाय ते! दुसऱ्या ग्रहावरचा माणूस हाय, शाळेच्या परदर्शनाचा!"

"आमास्नी नको शिकवू," महानंदा फणकारली. "तुझ्या घरचा धोंडी आमी वळखीत न्हाई व्हय?"

चावडीच्या कट्ट्यावर शेषेराव पाटील बसला होता. सरपंच तोच, आणि टँकर कुठं थांबायचा, किती वेळ थांबायचा, हे ठरवणाराही तोच. तो सावकाश उठून आला. त्यानं चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसा बैल न्याहाळावा.

"मास्तरीण, लई झाक काढलंस. मारोती उभा केलास अगदी."

"पाटील, हा परग्रहावरचा हाय. आपल्यातला न्हाई. दुसऱ्या जगातला."

"हाव की," पाटील हसला. "मग तुमी कुठल्या जगातले?"

कट्ट्यावरची माणसं खो खो हसली. महादेवप्पा गुरुजी शाळेच्या दारात उभे होते, त्यांनी ऐकलं आणि आत जाऊन घंटा वाजवली, खरं तर सुट्टीला अजून अर्धा तास होता.

"पन भिंतीवरच्या धोंडीनं पाऊस न्हाई येत," पाटील पुढं म्हणाला. आवाज आता हसरा नव्हता. "जित्ता धोंडी लागतो. तुमी लोकांनी सोडलं, तवापासून पावसाचं गणित बिघडलंय. मी इसरलो होतो, बरं झालं तूच आठवण करून दिलीस. येत्या शनिवारी तुझा भाऊ पाला बांधून यील. न आला तर टँकर चावडीपाशीच रिकामा व्हईल. वस्तीकडं चाक फिरनार न्हाई."

ती तक्रार करीन म्हणाली, निलंग्याला जाईन, लातूरला जाईन म्हणाली. पाटलानं जाताना नुसता हात हलवला. जा, म्हणाला, जिल्हा आता लई जवळ आलाय.

ती गेलीसुद्धा. निलंग्याला एसटीनं जाऊन दिवसभर एका कचेरीच्या व्हरांड्यात बसली. साहेब टंचाईच्या दौऱ्यावर, अर्ज द्या, पोच सोमवारी. ती परत आली तेव्हा टँकर येऊन गेला होता; शनिवारची वाटही न बघता पाटलानं तो चावडीपाशीच रिता करवला होता. चावडीपाशी चिखल होता आणि वस्तीत एक थेंब नव्हता. त्यापुढच्या खेपेलाही तेच झालं.

मग वस्तीच तिच्यावर उलटली. हे तिला सगळ्यात लागलं. चुलता ग्यानोबा, ज्यानं तिला नांदेडला पाठवताना आपली शेळी विकली होती, तो दारात येऊन बसला आणि तिच्याकडं न बघता पार्वतीबाईशी, म्हणजे तिच्या आईशी बोलला.

"वैनी, पोरीला कोनी सांगितलं होतं ते काढायला? निजलेलं कशाला उठवलं? ती जाईल किनवटाला निघून. इथं आमच्या सुनांनी घागरी कुठं लावायच्या?"

"काका, मी मुद्दाम न्हाई काढलं," पंचशीला म्हणाली.

"मुद्दाम न्हाई काढलं तर पुसून टाक."

"पुसलं तर टँकर यील का?"

ग्यानोबानं धोतर झटकलं. तो उठून गेला. पंचशीलाला वाटलं, खरंच पुसावं, नाव तेवढं तरी खरवडून काढावं. स्वतःच्या हाताचा तिला राग आला. आणि त्याहून जास्त राग आला तो गावाचा. हे लोक आभाळातून उतरलेला माणूस बघतात आणि त्यांना त्यात आपणच दिसतो. आपण परीक्षा पास व्हा, मास्तरीण व्हा, नांदेडची हवा खाऊन या, त्यांच्या लेखी आपण पाल्याच्या आतलेच.

धाकटा भाऊ व्यंकटी रोजगार हमीवर खडी फोडायला जायचा. शुक्रवारी तिन्हीसांजेला तो आला, डोक्याचं फडकं सोडलं आणि एका दमात बोलून टाकलं.

"माय, मी जातो उद्या. चार घागरी अंगावर पडतील, त्यात काय झिजतंय? तेवढीच आंघोळ."

तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. पार्वतीबाई भिंतीकडं तोंड करून निजली होती. दोन दिवसांत तिनं फुलपात्रभर पाणी प्यायलं होतं आणि तेही लेकीनं दटावलं म्हणून. ती हो म्हणाली नाही आणि नको असंही म्हणाली नाही. ते न म्हणणं पंचशीलाला सहन झालं नाही. बाप गेला त्या वाटेनं भाऊ जाणार होता, आणि ती वाट तिनंच रंगवून दाखवली होती.

"तू हो म्हणून सांग पाटलाला," ती म्हणाली. "पाला मी बांधून घेते."

"म्हंजी?"

"धोंडी मी होनार."

व्यंकटी तोंडाकडं बघतच राहिला. "आक्का, येड लागलं का? बाईमाणूस कुठं धोंडी होतं?"

"पाल्यात बाई दिसती का? तुझ्याएवढीच उंच हाय मी. बोलायचं तर न्हाईच."

"आन् करनार काय हाईस?"

"धोंडीची वाट कुनी अडवत न्हाई. तेवढंच करनार हाय."

व्यंकटीनं खूप वाद घातला. तिची नोकरी जाईल म्हणाला, गाव जाळून टाकील म्हणाला, शेवटी रडायला आला. पार्वतीबाई उठून बसली.

"पाला कवळा आना," ती म्हणाली. "जून पाल्याच्या काड्या टोचतात."

शनिवारी सकाळी आईनंच तिला बांधलं. आधी नवऱ्याला जसं बांधलं होतं तसं, गुडघ्यापासून वर, फांदीवर फांदी, सुतळीचे वेढे आवळत. तोंडावर दाट पाला, मध्ये दोन फटी. खाली व्यंकटीचं आखूड धोतर. बेडूक लागतो रीतीला, पण बेडूकसुद्धा सापडेना, तेव्हा पाटलाचा गडी बसवंत यानं मातीचा बेडूक करून मुसळाला बांधला आणि ते मुसळ खांद्यावर घेऊन तो पुढं चालायला लागला.

आत काळोख होता, कडवट वास होता आणि प्रचंड उकडत होतं. फटींतून गाव तुकड्यातुकड्यांनी दिसायचं: एखादं जोडवं, तांब्याची कड, हात जोडलेली बोटं. ज्या बायांनी तिला लहानपणी दारातून हाकललं होतं त्या आता वाकून नमस्कार करत होत्या. कुणीही तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हतं. बघितलं असतं तर काजळ दिसलं असतं, कालच घातलेलं. तिनं भिंतीवर हा पाहुणा बाहेरून काढला होता. आता ती त्याच्या आतून बघत होती, आणि आतून बघताना तिला भीती वाटली नाही. तिरस्कार वाटला. पाणी अंगावर पडलं की जिवाला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून ती स्वतःवर चिडायची. गुणाबाईनं अर्धा तांब्या ओतला. महानंदानं ओतला नाही, तिच्याकडं नव्हतंच. तिनं रिकामी घागर काखेत घेतली आणि ती मागून चालायला लागली, पाटलाच्या दारात सगळ्यांना थोडं थोडं वाढतील या आशेनं.

पाटलाचं घर सिमेंटचं, नवं. परड्यात स्वतःचं बोअर, बेलकुंडीत तेवढंच एक चालू. दार सताड उघडं होतं आणि समोरच्या सोप्यात, लाकडी घडवंचीवर, कमरेएवढा उंच, मोठ्या पोटाचा रांजण ठेवला होता. त्याच्या अंगाला गार पाणी पाझरत होतं. पाटलाची बायको गौरम्मा उंबऱ्याच्या आत उभी राहिली, भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली आणि धोंडीच्या डोक्यावर ओतली. एवढं पाणी पाहून मागच्या बायका हळहळल्या. बसवंत वळून शेजारच्या दाराकडं निघाला.

धोंडी वळला नाही. धोंडीनं उजवा पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला.

गौरम्मा किंचाळून बाजूला झाली. पाटील बाजेवरून ताडकन उठला. "अय! अय! कुठं चाललास?" बसवंतनं धोंडीचा दंड धरायला हात पुढं केला, आणि मागून गुणाबाई कडाडली.

"आडवू नगा! मुडद्यांनो, आडवू नगा! पाऊस परतंल!"

बसवंतचा हात हवेतच राहिला. त्यानं पाटलाकडं पाहिलं. पाटलाचं तोंड उघडं होतं. सगळं गाव दारात उभं, शंभर डोळे त्याच्यावर, आणि उद्या पाऊस आला नाही तर तो कुणामुळं आला नाही हे सांगायला शंभर तोंडं. पाटील जागचा हलला नाही. पंचशीला त्याच्या अंगावरून गेली, ओला पाला त्याच्या धोतराला घासला. ती रांजणापाशी पोचली आणि तिनं झाकण काढलं. शेजारी तांब्या होता, तो घेतला नाही. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, ओंजळ भरली, तोंडावरचा पाला सारला आणि ती प्यायली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घाई केली नाही. लिंबाची चार पानं रांजणात पडली. मग तिनं तोंडावरच्या फांद्या मुळापासून ओढून काढल्या आणि दाराकडं तोंड केलं.

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मारोतीची पोरगी," कुणीतरी म्हणालं.

पाटलानं आईबापावरून शिवी दिली. त्याचा हात उगारला होता, पण मारायचं तर शिवावं लागणार होतं, म्हणून तो तसाच उगारलेला राहिला.

"दुसऱ्या जगातून आलेय, पाटील," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. "तुमचं पानी गोड हाय. यापुढं आमच्या घरचा धोंडी बोलवाल तवा असाच आत येत जाईल. बोलवा की. दर साली बोलवा."

"फोड!" पाटील ओरडला. "बसवंत, फोड त्यो रांजन!"

"पाटील, पानी हाय त्यात!" गुणाबाई दारातून म्हणाली. तिला वाटलं पाटलाच्या ध्यानात आलं नसावं.

"बाटलंय ते! फोड म्हनतो न्हवं?"

बसवंतनं मुसळावरचा मातीचा बेडूक काढून बाजूला ठेवला आणि मुसळ हाणलं. पहिल्या घावाला चीर गेली, दुसऱ्याला रांजणाचं पोट फुटलं. चाळीस घागरी पाणी एकदम सोप्यात आलं, उंबरा ओलांडून पायऱ्यांवरून अंगणात उतरलं. दारातल्या बायकांनी लुगडी वर धरली आणि पाणी पायाला लागू नये म्हणून त्या उड्या मारून बाजूला झाल्या. पुरुष मागं हटले. दोन महिन्यांत गावानं एवढं पाणी एका जागी पाहिलं नव्हतं. ते अंगणाच्या भेगांत शिरत होतं आणि सगळे उभे राहून बघत होते. पंचशीला त्या पाण्यातून चालत बाहेर आली. तिच्यामागं दार आपटून बंद झालं.

अंगणाच्या खालच्या अंगाला थोडं पाणी साचलं होतं. महानंदा गर्दीतून पुढं आली. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. गुडघे टेकले, घागर आडवी धरली आणि ओंजळीनं पाणी भरायला लागली.

"महानंदे! बाटलंय ते," मागून एक बाई म्हणाली.

महानंदानं ऐकलं नाही. जमीन पाणी पीत होती आणि तिला जमिनीच्या आधी भरायचं होतं. एकदा तिनं मान वर केली. पंचशीला तिच्या समोरच उभी होती, अंगावरचा पाला अजून ठिबकत होता. पंचशीलाला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल, निदान हसेल.

"सरक तिकडं," महानंदा म्हणाली. "तुझी सावली पडून राहिली पान्यावर."

पंचशीला सरकली नाही. महानंदा क्षणभर तशीच थांबली, डोळ्यांत नुसता राग. पाणी मुरत चाललं होतं. मग तिनं मान खाली घातली आणि सावलीतलं पाणी भरून घ्यायला सुरुवात केली.